शाळेपासून बसस्थानकापर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे संपादित करून)



संयोजकांनी मला ‘महिला सक्षमीकरण’ या विषयावर वीस मिनिटं बोला असं सांगितलं. हा विषय असा आहे की त्यावर काहीही बोललं तरी टाळ्या पडतात आणि घरी जाईपर्यंत कोणाला काही आठवत नाही. म्हणून त्यांच्या परवानगीनं मी तो लहान करून घेतला आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून बसस्थानकापर्यंतचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चालणाऱ्या मुली आणि बायका, एवढंच मी बोलणार आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण बाहेरगावी गेलो की सांगतो. जर्मनीतला रस्ता मी पाहिलेला नाही. हा रस्ता मात्र आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे.

आधीच सांगते, मी आज अत्याचाराच्या बातम्या सांगणार नाही. त्या तुम्ही रोज वाचता. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत जे झालं त्यानंतर २०१३ साली कायदा बदलला. पाठलाग करणं, चोरून पाहणं, अंगचटीला जाणं हे वेगवेगळे गुन्हे म्हणून लिहिले गेले. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात लैंगिक छळाचं कलम ७५ आहे, पाठलागाचं कलम ७८ आहे. मुलींनी ही कलमं माहीत करून घ्यावीत, ११२ हा नंबर पाठ ठेवावा. पण कायदा येतो तो प्रसंग घडून गेल्यावर. मला बोलायचंय ते काहीच घडलेलं नसतं त्या संध्याकाळबद्दल. कारण आपल्या जिल्ह्यात काही न घडताही मुलींचं बरंच काही जातं.

ते कसं, ते सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, तुमचं लग्न अठराच्या आधी झालं का? महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के बायका हो म्हणाल्या. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. सगळ्या राज्यात हा आकडा सर्वांत जास्त आपला आहे. सभागृहात शिक्षक बसलेत, त्यांना मी नवीन काही सांगत नाही. दहावीच्या हजेरीपटावरून दिवाळीनंतर नावं कशी गळतात ते त्यांनी पाहिलंय. याची कारणं अनेक आहेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, कोरडवाहू शेती, हुंडा, ‘चांगलं स्थळ आलंय’. सगळं खरं आहे. पण कुठल्याही आईला एकटीला गाठून विचारा. ती हळूच सांगते, दिवस बरे नाहीत, पोरगी रोज एवढ्या लांब जाते, जीव टांगणीला लागतो. एकदा उजवली की सुटलो.

म्हणजे रस्ता वाईट, म्हणून शाळा बंद. शाळा बंद, म्हणून लग्न. आणि मुलींना हे गणित चांगलं कळतं. म्हणून रस्त्यावर कोणी काही बोललं, मागे मागे आलं, तरी त्या घरी सांगत नाहीत. सांगितलं तर त्या पोराचं काही होणार नाही, आपलीच शाळा सुटेल. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. काल आपल्याच शाळेतल्या नववीच्या मुलींनी मला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं.

मग त्या काय करतात? सगळा बंदोबस्त आपल्या अंगावर घेतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं घेऊन जात. ही गोष्ट आपण तिसरीत ऐकली आणि त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं. ते योग्यच आहे. पण त्या दुसऱ्या लुगड्याकडे जरा वेगळं बघा. फेकणारा मोकळा, आणि ओझं जिच्यावर फेकलं तिच्या पिशवीत. आजच्या मुलीची पिशवी उघडून बघा. तोंडाला बांधायचा स्कार्फ असतो, सेफ्टी पिन असते, मोबाइलवर भावाला लोकेशन पाठवलेलं असतं. कानाला फोन लावून ती बोलत चालते, बऱ्याचदा पलीकडे कोणीच नसतं. क्लास सव्वासातला सुटतो, पण घरी सातला सुटतो असं सांगून ठेवलेलं असतं. पावणेदोनशे वर्षं झाली, ओझं अजून त्याच पिशवीत आहे.

तिच्या पिशवीतलं हे ओझं काढून रस्त्यावर ठेवायचं, म्हणजे दिव्यावर, भिंतीवर, बाकड्यावर, बसच्या वेळापत्रकावर ठेवायचं. जगात बायकांनी हे काम केलेलं आहे आणि त्याची रीत फार सोपी आहे. कॅनडात टोरोंटो शहरात १९८९ साली ‘मेट्रॅक’ नावाच्या संस्थेनं ती बसवली. तिला ‘सेफ्टी ऑडिट’ म्हणतात, आपण सुरक्षा पाहणी म्हणू. पाच-दहा बायकांनी अंधार पडल्यावर एक रस्ता पायी चालायचा. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, बघायचं आणि लिहायचं. उजेड आहे का? पुढचं दिसतं का? आपल्याला कोणी पाहू शकतं का? आजूबाजूला माणसं आहेत का, आणि त्यात बायका किती? चालायला जागा आहे का? बस, रिक्षा किती लांब? आणि शेवटी, इथे उभं राहिल्यावर पोटात कसं वाटतं? हा शेवटचा प्रश्न इंजिनिअर लोकांना हास्यास्पद वाटतो. पण या पाहणीत चालणाऱ्या बाईला तज्ज्ञ मानलेलं आहे, सगळा कणा तोच. दिल्लीत ‘जागोरी’नं आणि मुंबईत ‘अक्षरा’नं अशा पाहण्या केल्या. २०१३ साली ‘सेफ्टीपिन’ नावाचं मोबाइल अ‍ॅपच निघालं. आपल्याला अ‍ॅपची गरज नाही. वही, पेन्सिल, टॉर्च पुरे.

तर काल संध्याकाळी, तुम्ही सगळे गप्पांत रंगला होता तेव्हा, आम्ही आठ जणी फाटकापासून निघालो. आमच्या बॅचच्या तिघी, आधीच्या बॅचच्या दोन ताई, त्यांतल्या एकीचा गुडघा दुखतो म्हणून ती काठी घेऊन. नववीतल्या दोन मुली, आणि त्यांच्यातल्या एकीची आई. या रस्त्यावर आम्ही पाच-सहा वर्षं चाललो होतो, त्यामुळे आम्हाला सगळं माहीत आहे असा आमचा समज होता. तो त्या दोन मुलींनी पहिल्या शंभर पावलांत उतरवला.

फाटकाबाहेर पोल आहे. त्याला दिवा आहे, तो चालूही आहे. पण कडुनिंबाची फांदी त्याच्यावर आलीय, त्यामुळे झाड उजळतं आणि खालचा रस्ता काळोखात राहतो. कागदावर हा दिवा ‘सुरू’ आहे, कोणाची तक्रार नाही. पुढचे दिवे उंच पोलवर, रस्त्याच्या मधोमध उजेड पाडणारे. गाडीवाल्याला छान दिसतं. चालणारी मुलगी असते कडेला, नालीच्या बाजूला, तिथे अंधार. दिवा कोणासाठी लावलाय हे असं खाली उभं राहिल्यावरच कळतं.

मग आपल्या शाळेची भिंत. आपण तिला प्रेमानं किल्ला म्हणायचो. उंच, सलग, एकही फट नाही. मुली म्हणाल्या, आम्ही भिंतीच्या बाजूनं चालत नाही. तिच्या कडेला मोटारसायकली लावून पोरं बसतात, आणि एकदा भिंतीशी आलो की दुसरीकडे सरकायला जागा नसते. आत वॉचमन मामा आहेत, मैदानावर दिवा आहे, पण भिंतीमुळे ना त्यांना बाहेरचं दिसतं ना बाहेरच्यांना आतलं. शाळेच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत शाळेतल्याच मुलींसाठी त्या रस्त्याचा सगळ्यात वाईट तुकडा झालीय.

त्यातली एक मुलगी म्हणाली, त्या वळणावरचं मेडिकल उघडं असलं की बरं. काउंटरवर काकू असतात. मागे कोणी येतंय असं वाटलं की ती तिथे क्रोसिनची गोळी विकत घेते. मेडिकल बंद असलं की ती पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून जाते. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. या मुलीच्या डोक्यात त्या रस्त्याचा एक नकाशा आहे, कोणतं दुकान किती वाजता मिटतं, कोणत्या ओट्यावर आजी बसलेली असते, कोणत्या दिवशी बाजार असतो. कुठल्याही नगररचनाकाराकडे असा नकाशा नाही. आणि तिला तो कोणी कधी विचारलाही नव्हता.

बसस्थानकाच्या अलीकडे भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांच्याशी बोललो. त्या साडेआठला उठतात. त्यांना कोण रोज कोणाची वाट बघत उभा राहतो हे नावानिशी माहीत आहे. एकदोघांना त्यांनी कांद्याच्या पोत्यावरचा रुमाल झटकत हाकललंय, असं त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार मोठं काही केलं असं वाटत नव्हतं. १९६१ साली जेन जेकब्स नावाच्या अमेरिकन बाईनं शहरांवर एक पुस्तक लिहिलं. तिनं हेच मांडलं की रस्ता आधी सुरक्षित ठेवतात ती रस्त्यावर आपापलं काम करत बसलेली माणसं, त्यांचे डोळे. पोलीस नंतर येतात. आपल्याकडे मात्र ‘शहर सुंदर’ करायचं ठरलं की पहिला हातोडा या मावशींच्या टोपलीवर पडतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यात एक तृतीयांश बायका असाव्यात, असं लिहिलंय. या समितीत मावशींसारखी एखादी बसली आणि तिला रात्रीचा रस्ता कसा असतो असं कोणी विचारलं, तर ती काय काय सांगेल याचा विचार करा. माझ्या मते रस्त्याच्या सुरक्षेवर बोलायचा माझ्यापेक्षा तिचा अधिकार मोठा आहे, पण स्नेहमेळाव्याला तिला कोण बोलावणार?

काठीवाल्या ताईंनी तर वेगळीच गोष्ट दाखवली. सगळ्या रस्त्यात बाईनं टेकावं अशी एकही जागा नाही. टपरीसमोर बाकडं आहे, पानपट्टीला कट्टा आहे, सलूनबाहेर खुर्च्या आहेत. सगळीकडे पुरुष. आपले दादा लोक रोज संध्याकाळी तिथे तासभर उभे असतात आणि कोणी त्यांना ‘इथे काय काम’ असं विचारत नाही. बाईला मात्र रस्त्यावर असण्यासाठी काम लागतं. हातात पिशवी, पाण्याचा हंडा, औषधाची चिठ्ठी, काहीतरी. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात याचीच चर्चा आहे. त्यांचं म्हणणं, बायकांना उगीच रेंगाळता आलं पाहिजे. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, रेंगाळून करायचं काय? मी म्हटलं, आबा पारावर बसून काय करतात तेच. त्यावर त्या बराच वेळ हसत होत्या.

तुम्हाला हे शहरी खूळ वाटत असेल तर आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण करून देते. सातशे वर्षांपूर्वी त्या माउलीनं पदर खांद्यावर टाकून भर बाजारातून जाण्याची भाषा केली. ते अभंग आपण आषाढीला तल्लीन होऊन गातो. त्या बाजारातल्या रस्त्यावर आपली नात रात्री आठला निघाली की मात्र विचारतो, कुठे चाललीस?

आता एक विषय आहे ज्यावर सभेत बोलायला लोक लाजतात, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. मुतारी. परभणीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा ४४च्या पुढे जातो. आणि अशा उन्हात खेड्यावरून शहरात आलेल्या बायका, शाळेत येणाऱ्या मुली पाणी पीत नाहीत. कारण प्यायलं तर जायचं कुठे? पुरुषाला भिंत पुरते. बाई दिवसभर आवरून धरते, मग लघवीची जळजळ, ताप, डॉक्टर. आणि असह्य झालं की अंधारात एखादा आडोसा शोधते. धोका असतो तो नेमका त्या आडोशालाच.

मुंबईत २०११ साली ‘कोरो’ आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्या बायकांनी ‘राइट टू पी’ अशी मोहीम काढली. नाव ऐकून लोक हसले. त्यांनी वस्त्यावस्त्यांतली, स्टेशनाजवळची स्वच्छतागृहं जाऊन पाहिली. लघवीला पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हे त्यांनी जगासमोर आणलं. पैसे घेणाऱ्याचं कारण काय, तर बाई आत कशासाठी गेली हे बाहेरून कळत नाही! पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक, विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं, आपल्यापैकी काहींच्या घरी यायचं. हे मासिक या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेलं. स्वयंपाक, कविता, कथा छापणाऱ्या बायका काय करणार असं ज्यांना वाटतं त्यांनी तो निकाल वाचावा. डिसेंबर २०१५मध्ये न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावरच्या बायकांना स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि राज्यातल्या सगळ्या महानगरपालिकांनी त्यासाठी समिती नेमून योजना करावी. परभणी २०११ साली महानगरपालिका झाली, म्हणजे त्या आदेशात आपलं शहरही आलं. तेव्हा आपण जेव्हा अर्ज लिहू तेव्हा ‘कृपया मेहेरबानी करून’ असं लिहायचं कारण नाही. निकालाचा हवाला द्यायचा.

बसचंही तसंच. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर आहे. जिंतूर, पाथरी, सेलू, मानवतच्या गाड्यांत बायका किती वाढल्या! माहेरी जाणाऱ्या, बाजाराला येणाऱ्या, दवाखान्यात येणाऱ्या. खेड्यातून शाळेत येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. या योजनांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी नाही ठेवणार. एका तिकिटानं जेवढ्या बायका घराबाहेर आल्या तेवढ्या शंभर भाषणांनी आल्या नसत्या, आजचं हे धरून. आणि ज्या जागी बायका जास्त, ती जागा बायकांसाठी बरी. फक्त शेवटची गाडी चुकली तर काय, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नाही. मुलीचा शेवटचा तास आणि गावाला जाणारी शेवटची गाडी यांच्यात वीस मिनिटांचं अंतर ठेवायला एक पत्र पुरतं. ते पत्र शाळेनं लिहायचं असतं.

मघाशी जर्मनीचं निघालं. जर्मनीचं नाही, पण शेजारच्या ऑस्ट्रियाचं सांगते. व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात असं लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात. मुलांनी तिथे फुटबॉलसाठी मैदान अडवलेलं, मुली भांडत बसण्यापेक्षा घरी जायच्या. नगरपालिकेनं काय केलं? मुलींना धीट बना असा उपदेश केला नाही. दोन बागांत मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली, पायवाटा वाढवल्या. मुली परत आल्या.

आता आपलं मैदान आठवा. आम्ही सातवीपर्यंत खो-खो खेळलो. आठवीत गेल्यावर मैदान आपोआप मुलांचं झालं. कोणी नियम केला नव्हता. मधल्या सुट्टीत मुलं क्रिकेट खेळायची आणि आम्ही वर्गाच्या पायऱ्यांवर डबे खात बसायचो. काल पाहिलं, अजून तसंच आहे, पायऱ्यासुद्धा त्याच. ज्या मुलीला शाळेच्या आत मैदानाच्या मधोमध उभं राहायची सवय लागली नाही, ती बाहेरच्या चौकात कशी उभी राहणार? क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे, आठवड्यातले तीन दिवस शाळा सुटल्यावर एक तास ते मैदान पूर्ण मुलींचं करा. आरडाओरडा होईल, चार दिवस.

पोलिसांबद्दल थोडक्यात. ठिकठिकाणी दामिनी पथकं आहेत आणि त्यांच्यातल्या महिला पोलिसांचं काम मोलाचं आहे. पण कुठेकुठे बागेत शेजारी बसलेल्या मुलामुलींना दटावून घरी पाठवणं हेच काम होऊन बसतं. बागेतून मुली गेल्या की बाग टवाळांची होते. पथकानं मुलींना घरी पाठवायचं नाही, त्यांना तिथे निर्धास्त बसता यावं हे बघायचं, एवढा फरक सांगणाऱ्या बायका शांतता समितीच्या बैठकीत असायला हव्यात. २०११पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. आपल्या शाळेच्या काही विद्यार्थिनी या जागांवर बसलेल्या आहेत, याचा मला अभिमान आहे. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. कालच्या एका रस्त्याचे आम्हाला पाच मालक सापडले. दिव्याचं खातं वेगळं, झाडाचं वेगळं, डीपीचं वेगळं, स्थानकाचं वेगळं आणि भिंत शाळेची. फांदी तोडायला गेलं की दिव्याकडे बोट, दिव्याकडे गेलं की झाडाकडे. या पाच जणांना एका संध्याकाळी त्या कडुनिंबाखाली एकत्र उभं करणं, हे नगरसेविकेचं काम.

आता शेवटचा मुद्दा, आणि त्यावर आज दुपारच्या सत्रात मतदान आहे म्हणून स्पष्ट बोलते. आपल्या माजी विद्यार्थी निधीतून शाळेला भव्य कमान द्यायचा प्रस्ताव आहे. तिचं चित्र मी पाहिलं. सुंदर आहे. वर घुमट, दोन्ही बाजूंना हत्ती. ज्यांनी मनापासून वर्गणी दिली त्यांच्या भावना मी समजू शकते, दगडात नाव कोरलेलं राहतं. पण माझा त्याला विरोध आहे.

माझी सूचना अशी. रस्त्याच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत ठेवून वर लोखंडी जाळी लावायची, म्हणजे आतला उजेड बाहेर आणि बाहेरचं आत दिसेल. भिंतीच्या आतून बाहेर, खालच्या उंचीवर तोंड करून चार दिवे. ते आपल्या हद्दीत असल्यामुळे कोणाच्या परवानगीसाठी थांबायला नको, वीजबिल शाळेच्या मीटरवर. फाटकालगत मुलींसाठी आणि बाहेरच्या बायकांसाठीही वापरता येईल असं स्वच्छतागृह, पाणी आणि कडी नीट असलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निधीतला निम्मा पैसा बँकेत ठेवून त्याच्या व्याजावर ते धुणाऱ्या बाईचा पगार. बांधायला सगळे पुढे येतात, पण धुण्याला पैसे नसल्यामुळे वर्षभरात त्याला कुलूप लागतं. फाटकाबाहेर दोन सिमेंटची बाकडी, पाठ असलेली. त्यांच्यावर देणगीदारांची नावं लिहा, माझी काही हरकत नाही. हत्ती हवेच असतील तर बाकड्यांच्या हातांवर कोरा.

काही जण म्हणतील, जाळी लावली तर मुली बाहेरून दिसतील. मी मुद्दाम तो प्रश्न नववीच्या त्या दोघींना विचारला. त्या म्हणाल्या, आम्हाला दिसू दे की.

ठराव दोन वाजता मांडला जाणार आहे. मतदानाचा हक्क माजी विद्यार्थ्यांना आहे, म्हणून त्या दोघींचं मत तुमच्यामार्फत येईल. आणि आज संध्याकाळी सात वाजता आम्ही पुन्हा निघणार आहोत, या वेळी बसस्थानकापासून शाळेकडे, उलट्या दिशेनं, कारण उलटं चाललं की वेगळं दिसतं. पुरुषांनीही यावं. फक्त त्यांनी बोलायचं नाही, लिहायचं. वह्या मी आणल्या आहेत. टॉर्च ज्याचा त्यानं आणावा, आणि चप्पल साधी घाला, नालीवरच्या दोन फरश्या हलतात.